पुरंदरचा तह शिकवताना

पुरंदरचा तह शिकवताना १६६५ हे साल फळ्यावर लिहून लगेच पुढे जाऊ नये. आधी टेबलावर नकाशा पसरावा आणि मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांपैकी पुरंदर, कोंढाणा, लोहगड, माहुली यांवर मुलांना चिंचोके ठेवायला सांगावे. एकेक चिंचोका उचलताना गमावणे म्हणजे काय, हे त्यांच्या बोटांना कळते. मग महाराजांकडे उरलेल्या १२ किल्ल्यांत राजगड, तोरणा आणि रायगड होते, हे दाखवून ‘हा तह का केला असेल?’ असे विचारावे. उत्तराची घाई मुळीच करू नये, कारण खरा इतिहास मला त्या शांततेतच शिकवला जाताना दिसतो. १६७० मध्ये कोंढाणा परत आला, तो चिंचोका मुलांनीच पुन्हा ठेवावा.