‘बाहेर पडावे की राहावे’ ही चर्चा गावात कशी घ्यावी

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरले की यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात स्वतंत्र विदर्भाचा विषय पारावर हमखास निघतो आणि बहुधा एकाच वळणाने संपतो. कोणी सिंचनाच्या अनुशेषावर बोलतो, कोणी मुंबईशिवाय आपले भागेल का असे विचारतो, आवाज चढतात आणि शेवटी कोण कोणत्या पक्षाचा यावर येऊन विषय थांबतो. ही चर्चा वाचनालयात शिस्तीने घ्यावी म्हणून मी पहिल्यांदा बैठक बोलावली, तेव्हा प्रारंभीच हात वर करायला सांगण्याची चूक केली. सर्वांदेखत एकदा वर गेलेला हात खाली घ्यायला माणूस लाजतो, त्यामुळे पुढचा दीड तास प्रत्येक जण आपल्या हाताचेच समर्थन करीत बसला. त्यानंतरच्या बैठकांतून जी पद्धत बसत गेली, ती आपल्या गावात असा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांसाठी येथे मांडत आहे.

पहिली बैठक स्वतःच्या प्रश्नावर घेऊच नये. आधी परक्या घरची वाटणी अभ्यासावी. त्यासाठी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्यासाठी घेतलेले सार्वमत फार सोयीचे आहे, कारण त्यात आपल्या गावातील कोणाचाही पक्ष, जात किंवा भावकी गुंतलेली नाही. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय समुदायात, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात, सामील झाले, १९७५ च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला, आणि २३ जून २०१६ रोजी त्याच प्रश्नावर पुन्हा मतदान झाले तेव्हा ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. दोन्ही बाजूंतील फरक सुमारे १२ लाख ६९ हजार मतांचा होता. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनाम्याची घोषणा केली, परंतु देश प्रत्यक्ष बाहेर पडला तो ३१ जानेवारी २०२० रोजी. मतदान आणि निघणे यांमध्ये साडेतीन वर्षांहून अधिक काळ का गेला, हाच पहिल्या बैठकीचा खरा विषय समजावा.

वेळ ठरविताना वेचणीचा हंगाम टाळावा. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाया रात्री बैठकीला येत नाहीत, आणि त्या आल्या नाहीत तर ती चर्चा गावाची राहत नाही. उन्हाळ्यात रात्री जेवणे आटोपल्यावर समाजमंदिराच्या ओट्यावर बसणे सर्वांना जमते. जागा कोणत्याही पुढाऱ्याच्या अंगणातली नसावी. सरपंच येणार असतील तर त्यांना सर्वांत शेवटी बोलण्याची विनंती करावी, कारण त्यांच्यानंतर बोलणाऱ्याला एक तर त्यांची री ओढावी लागते किंवा त्यांना दुखवावे लागते.

बैठकीपूर्वी पानभर टिपण तयार करून त्याच्या प्रती वाटाव्यात. पानाच्या मधोमध रेघ ओढून डावीकडे घडलेल्या गोष्टी आणि उजवीकडे केवळ वर्तविलेल्या गोष्टी लिहाव्यात. ही रेघ फार उपयोगी पडते, हे मी अनुभवाने सांगतो. ब्रिटनमध्ये बाहेर पडण्याच्या बाजूच्या प्रचारबसवर, आपण दर आठवड्याला युरोपीय संघाला ३५ कोटी पौंड पाठवितो, असे लिहिलेले होते. प्रत्यक्षात ब्रिटनला मिळणारी सूट आधीच वजा होत असल्यामुळे तेवढी रक्कम कधी जातच नव्हती, आणि तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने तो आकडा दिशाभूल करणारा ठरविला. बाजार समितीच्या हिशेबपट्टीवरची कपात झाकून केवळ वरचा आकडा घरी सांगावा, तसा हा प्रकार होता. मात्र दुसरी बाजूही सोवळी नव्हती. बाहेर पडल्यास २०३० पर्यंत प्रत्येक कुटुंबाचे वर्षाला ४,३०० पौंडांचे नुकसान होईल, असा अर्थखात्याचा अंदाज इतक्या ठामपणे मांडला गेला की तो अंदाज आहे हेच लोक विसरले. दोन्ही आकडे टिपणात घ्यावेत, पण पहिला तपासून आणि दुसरा रेघेच्या उजवीकडेच ठेवून.

आता मुख्य भाग. दोन गट समोरासमोर बसविण्याची आपली जुनी सवय येथे मोडावी लागते. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर संघात राहावे की संघ सोडावा एवढाच प्रश्न होता, आणि सोडल्यानंतर काय याविषयी तिच्यावर एक अक्षरही नव्हते. नॉर्वेप्रमाणे संघाबाहेर राहून एकत्रित बाजारपेठेत राहायचे, तुर्कस्तानप्रमाणे केवळ मालापुरता जकात संघ ठेवायचा, की सर्वच दोर कापायचे, हे तीन वेगळे मार्ग ‘बाहेर’ या एकाच शब्दाखाली दडलेले होते. पुढे कॅमेरून यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेने तीन वेळा फेटाळला, आणि २७ मार्च २०१९ रोजी खासदारांसमोर एकाच दिवशी आठ पर्याय ठेवले गेले तेव्हा एकालाही बहुमत मिळाले नाही. म्हणून बैठकीत चार गट करावेत: एक राहण्याचा आणि तीन बाहेर पडण्याच्या वेगवेगळ्या मार्गांचे. आधी चिठ्ठ्यांवर दोनच पर्याय देऊन गुप्त मत घ्यावे, चर्चा झाल्यावर चार पर्याय देऊन पुन्हा घ्यावे, आणि दोन्ही निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. आमच्याकडे दुसऱ्या मोजणीनंतर बराच वेळ कोणी बोलेना, मग मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, “निघाचं त निघा, पण जाचं कुठं थे त सांगा!”

ही गोष्ट समजावून देण्यासाठी भावाभावांच्या वाटणीचे उदाहरण पुरेसे होते. वेगळे व्हायचे यावर दोघांचे एकमत असते, पण विहिरीची पाळी, सामाईक धुरा म्हणजे शेताचा बांध, पांदणीचा रस्ता आणि सोसायटीचे कर्ज यांवर फेरफार वर्षानुवर्षे अडून राहतो. ब्रिटनचा सामाईक धुरा आयर्लंड बेटावर निघाला. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, उर्वरित आयर्लंड युरोपीय संघात आणि त्यांच्यामधील सीमा सुमारे ५०० किलोमीटरची; १९९८ च्या शांतता करारानंतर ती उघडी झालेली असल्यामुळे तिच्यावर पुन्हा नाके बसविण्याची कोणाचीच तयारी नव्हती. सार्वमताच्या प्रचारात या सीमेविषयी फारसे बोलले गेले नव्हते, नंतर मात्र सारा करार तेथेच अडला. प्रत्येक गटाला म्हणूनच एक प्रश्न लेखी सोडवायला द्यावा: तुमच्या मार्गात धुरा कोठे येतो?

मते कशी मोजावीत यावर निदान अर्धा तास द्यावा. आपल्याकडील बायांना हा विषय शिकविण्याची गरज नसते, कारण दारूचे दुकान बंद करण्यासाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान अनेक गावांनी पाहिलेले आहे. त्यात मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, तर यादीतील मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. घरी बसलेली बाई आपोआप दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते. ब्रिटनमध्ये ७२.२ टक्के मतदान झाले होते, म्हणजे बाहेर पडण्याच्या बाजूची मते एकूण यादीच्या सुमारे साडेसदतीस टक्केच भरतात. बाटलीचा नियम लावला असता तर ब्रिटन आजही संघात असते! तिकडेही असा नियम कधीच नव्हता असे नाही. स्कॉटलंडच्या स्वतंत्र विधिमंडळासाठी १९७९ मध्ये झालेल्या सार्वमतात ५१.६ टक्के लोक होकारार्थी होते, पण एकूण यादीच्या ४० टक्क्यांची अट पूर्ण न झाल्याने ते विधिमंडळ तेव्हा झाले नाही. कोणता नियम न्याय्य हे आपण सांगू नये, पण तो मतदानाआधी ठरला पाहिजे यावर बैठकीत सहसा दुमत होत नाही.

एवढे झाल्यावरच, शक्यतो महिनाभराच्या अंतराने, स्वतःच्या प्रश्नाकडे वळावे. तेव्हा पहिल्याच वाक्यात एक फरक स्पष्ट करावा. युरोपीय संघाच्या कराराच्या ५० व्या कलमानेच सदस्य देशाला बाहेर पडण्याचा मार्ग दिला होता. स्वतंत्र विदर्भाची मागणी मात्र देश सोडण्याची नसून देशातच राज्याची सीमा नव्याने आखण्याची आहे. हा फरक न सांगितल्यास कोणीतरी कोणाला देशद्रोही म्हणतो आणि बैठक तेथेच संपते. दुसरे, असा निर्णय आपल्याकडे सार्वमताने होत नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानुसार तो अधिकार संसदेचा आहे. राज्य विधिमंडळाचे मत मागविले जाते, पण ते बंधनकारक नसते. आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विधेयक नाकारूनही २ जून २०१४ रोजी तेलंगणा अस्तित्वात आला, तो यामुळेच. लोकांना थेट विचारल्याचे आपल्या शेजारचे उदाहरण गोव्याचे आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी ‘फूल’ आणि वेगळे राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती, आणि दोन पाने सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली.

विदर्भाच्या टिपणात डाव्या बाजूला विदर्भाने मराठी राज्यात येण्यासंबंधीचा १९५३ चा नागपूर करार, १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस, १९६० ची महाराष्ट्राची स्थापना आणि अनुशेष मोजणारी १९८४ ची दांडेकर समिती एवढे पुरे. उजवी बाजू गावाने भरावी. चंद्रपूर-कोराडीच्या विजेचा दर कोण ठरविणार, राज्याच्या कर्जाचा हिस्सा किती येणार, आणि नागपूर राजधानी झाल्यावर बुलढाणा-वाशीमला मुंबईइतकेच नागपूरही दूर वाटले तर काय? शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, कारण स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी राहण्याचा कौल देऊनही त्याला ब्रिटनबरोबर बाहेर पडावे लागले. अकरा जिल्ह्यांची बेरीज एक आणि वऱ्हाडाची वेगळी निघाली, तर मोजणी कोणती धरायची, हे बैठकीला विचारावेच.

बोलण्याचा एकच नियम आम्ही कडक ठेवला आहे: उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत सांगून दाखवावे. सुरुवातीला हसू होते, पण आवाज उतरतात. बैठकीत ठराव मात्र करू नये. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट वेगळा आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी ठेवतात. ती रीत येथे तंतोतंत पाळावी. ठराव होणार असे कळले की पक्षाची माणसे येतात आणि अभ्यास करणारी माणसे घरी जातात.

ज्या प्रश्नांची उत्तरे कोणालाच देता आली नाहीत, ते नोंदवहीत विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहून ठेवावेत आणि पुढची बैठक त्यांनी सुरू करावी. आमच्या वहीत सध्या पहिला प्रश्न एका म्हाताऱ्या बाईंचा आहे: राज्य बदलले तर निराधारचे पैसे कोण देणार? तेलंगणा आणि छत्तीसगड झाले तेव्हाच्या पुनर्रचना कायद्यांत, आधीचे कायदे बदलेपर्यंत तसेच चालू राहतील अशी तरतूद होती, एवढे मी शोधून ठेवले आहे. कायदा चालू राहिला तरी तिजोरीत पैसा कोठून येईल, ते शोधण्याचे काम दोन पदवीधर मुलांनी घेतले आहे.