समोरच्याचा द्वेष लगेच दिसतो, आपला दिसत नाही: सीमाभागातल्या मुलांना शिकवताना या चुका टाळा

31 ऑक्टोबरची रात्र आली की आमच्याकडे फोन थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी बेळगावात एकीकडे कर्नाटकच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस. बेळगाव कर्नाटकाचं की महाराष्ट्राचं, हे 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासूनचं दुखणं घराघरात जेवताना बोललं जातं, त्यामुळे आठवीतल्या पोरालाही बाजू असतेच. बाजू असण्याला माझी हरकत नाही. माझीही आहे. पण त्या रात्री जे स्टेटस आणि रील फिरतात, त्यात बाजू थोडी असते आणि माणसांना माणसातून उठवणारी भाषाच जास्त असते.

बेळगावजवळच्या एका गावात, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, आम्ही काही जण रविवारी आठवी ते बारावीच्या मुलांबरोबर याच विषयावर बसतो. सुरुवातीला आम्ही बरंच चुकलो. तुमच्या शाळेत किंवा मंडळात हे काम सुरू करणार असाल तर त्याच चुका पुन्हा करू नका.

उदाहरणं फक्त दुसऱ्या बाजूची घेऊ नका

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. पहिल्या रविवारी आम्ही बारा पोस्ट छापून नेल्या आणि बाराही मराठी माणसाविरुद्धच्या होत्या. मुलांनी पटापट ओळखल्या. एक नववीतला मुलगा तर इतका चटपटीत निघाला की आम्ही खूश होऊन घरी आलो. त्याच आठवड्यात त्याच्या स्टेटसवर कन्नड बोलणाऱ्यांना जनावराची उपमा देणारं चित्र होतं. विचारलं तर तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "सर, द्वेष म्हणजे ते आपल्याबद्दल बोलतात तो न्हवं?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही त्याला तेच शिकवलं होतं.

आता आम्ही रिकाम्या जागेची चिठ्ठी वापरतो. '____ लोक कधी सुधारणार नाहीत.' '____ लोकांना इथून हाकला.' '____ म्हणजे किडे आहेत, ठेचायलाच पाहिजेत.' आधी मुलं रिकाम्या जागी 'मराठी' लिहून वाचतात, मग 'कन्नड', मग 'मुस्लिम', मग शेजारच्या गल्लीतल्या जातीचं नाव. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: आता कसं वाटतं? भाषेपर्यंत खोलीत गलका असतो. जातीवर आलं की खोली गप्प होते, कारण त्या जातीचं मूल तिथंच, त्याच सतरंजीवर बसलेलं असतं. ती शांतता घाईनं मोडू नका. शिकवण्याचं खरं काम तिथंच होतं.

किड्याची उपमा मुद्दाम ठेवली आहे. 1994 मध्ये रवांडात रेडिओवरून तुत्सी लोकांना झुरळं म्हटलं जात होतं, आणि त्याच काळात शंभर दिवसांत लाखो माणसं मारली गेली. माणसाला झुरळ म्हणायची सवय लागली की ठेचणं सोपं होतं, हे मुलांना व्याख्येशिवाय कळतं.

सीमाभागात भाषेचा वाद इतका मोठा असतो की बाकीचा द्वेष त्याच्या आडून सुटतो. जून 2023 मध्ये कोल्हापुरात काही स्टेटसवरून शहर पेटलं, इंटरनेट बंद करावं लागलं. तिथं मराठी-कन्नड असं काहीच नव्हतं, वाद धर्मावरून होता. कोल्हापूर आमच्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि निम्म्या मुलांचे मामा तिथं राहतात.

प्रत्येक विरोधी मताला द्वेष म्हणू नका

ही उलटी चूक. 'बेळगाव कर्नाटकाचंच' असं कुणी लिहिलं की मुलं लगेच रिपोर्ट करायला धावतात. तो द्वेष नाही, ते मत आहे. आपण 'बेळगाव महाराष्ट्रात गेलं पाहिजे' म्हणतो तेही मतच आहे. त्यासाठी महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावाही दाखल केला आहे. दुकानाची पाटी कन्नडमध्ये हवी, सरकारी कागद मराठीतून मिळावेत, या मागण्या झाल्या. मागणी धोरणाबद्दल असते. द्वेष माणसाच्या असण्याबद्दल असतो.

मधलं काही आलं की मुलं अडतात. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं 2012 मध्ये मोरोक्कोतल्या राबात शहरात ठरलेली सहा अंगांची कसोटी कामाला येते: प्रसंग कुठला, बोलणारा कोण, हेतू काय, नेमके शब्द काय, किती लोकांपर्यंत जातंय आणि त्यातून खरोखर कुणाला इजा व्हायची शक्यता किती. मूळ कसोटी कुणावर गुन्हेगारी कारवाई करावी का हे ठरवण्यासाठी आहे, पण वर्गात प्रश्न म्हणून ती उत्तम चालते. आमची मुलं 'प्रसंग' या एका शब्दावरच अर्धा तास बोलली. तोच मीम जुलैत चार जणांत हसण्यावारी जातो आणि 31 ऑक्टोबरला रात्री अकरा वाजता दोन हजार जणांच्या पेजवर चढला तर सकाळी दगड उचलला जातो. हे त्यांनी स्वतः मांडलं.

कळत नसलेल्या भाषेचा अर्थ लावू नका

एका मुलीनं तिच्या फोटोखालची कॉमेंट दाखवली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं: 'होगो माराया'. घरात सगळ्यांना ती धमकी वाटली होती, कारण 'मारा' एवढंच दिसलं. किनारपट्टी आणि मलनाड या डोंगराळ भागातल्या कन्नडात त्याचा अर्थ 'जा रे बाबा' इतकाच. आमची मुलं शाळेत कन्नड शिकतात, पण पुस्तकातलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा कन्नड माध्यमाची पाच-सहा मुलंही रविवारी येतात. आमच्या मराठी कॉमेंटचा त्यांनी लावलेला अर्थ ऐकणं हाही एक धडाच होता.

'व्हिडिओ खरा आहे का' एवढ्यावर थांबू नका

फेब्रुवारी 2025 मध्ये भाषेच्या वादातून बेळगावजवळ एका बस कंडक्टरला मारहाण झाली, दोन्ही राज्यांच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं, काही काळ सीमेपलीकडची बससेवा थांबली. ते व्हिडिओ खरे होते. पण तेच व्हिडिओ नंतर 'आत्ताच घडलं' म्हणून पुन्हा फिरू लागले. बाहेर धो धो पाऊस आणि व्हिडिओत कोरडा रस्ता, कडक ऊन. आमच्या एका मुलानं व्हिडिओ थांबवला, स्क्रीनशॉट घेतला, गुगल लेन्सवर टाकला आणि दोन मिनिटांत जुनी बातमी काढून दाखवली. खरा व्हिडिओ चुकीच्या तारखेला पाठवणं हीसुद्धा खोटी बातमीच.

व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं तर पाठवणाऱ्या मित्रालाही मूळ माहीत नसतं, हे मुलांच्या मनावर ठसवा. 2018 मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात आमच्याच कर्नाटकात, बीदर जिल्ह्यातल्या मुरकी गावात, शाळकरी मुलांना चॉकलेट दिलं म्हणून एका तरुण इंजिनिअरचा जीव गेला. हे सांगताना मृतदेहांचे फोटो दाखवू नका. गरज नसते.

'दुर्लक्ष कर' आणि 'तोंडावर उत्तर दे', दोन्ही सल्ले अर्धे आहेत

वडीलधारी पहिला देतात, मित्र दुसरा. दुर्लक्ष केल्यानं ज्याच्यावर शिव्या पडतात तो एकटा पडतो. उलट शिवी दिली की पोस्ट आणखी वर येते, कारण ॲपला राग आणि प्रेम यातला फरक कळत नाही, फक्त हालचाल कळते. द्वेषाची पोस्ट 'बघा काय लिहिलंय' म्हणून स्वतःच्या स्टेटसला लावणं म्हणजे तिचा फुकट प्रचार. हे आमच्याकडूनही झालं: भिंतीवर दाखवलेल्या पोस्टचे फोटो मुलांनी काढले आणि संध्याकाळपर्यंत ते चार ग्रुपवर होते. आता नमुने कागदावर देतो, नावं खोडतो आणि जाताना कागद परत घेतो.

आम्ही सांगतो तो क्रम असा. आधी स्क्रीनशॉट, त्यात खात्याचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. लिंकही जपून ठेवा. मग ॲपमध्येच रिपोर्ट. कुणी रिपोर्ट केला हे समोरच्याला कळत नाही, आणि ही भीती जवळजवळ प्रत्येक मुलाला असते. व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर ॲडमिनला वैयक्तिक निरोप टाका, तो कुणाचाही मेसेज सर्वांसाठी काढू शकतो. उत्तर द्यायचंच असेल तर एकदाच, दोन ओळींत, आणि शिव्या देणाऱ्यासाठी नव्हे तर गप्प राहून वाचणाऱ्या शंभर जणांसाठी. 'हा व्हिडिओ फेब्रुवारीतला आहे, ही बातमी बघा.' बस. थेट धमकी असेल तर घरच्यांना घेऊन पोलिसांकडे, 112 वर. मूल घाबरून बोलत नसेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन.

कायद्याचा बागुलबुवा करू नका

'कलम 66अ लागेल' असं अजूनही मोठी माणसं मुलांना दरडावतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 ला रद्द केलं आहे. आज लागू आहे ते भारतीय न्याय संहितेचं कलम 196. धर्म, जन्मस्थान, भाषा, जात यांवरून गटागटांत वैर वाढवल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, आणि त्यात फोनवरून पाठवलेलंही येतं. 'जसं आलं तसं पाठवलं' असं खाली लिहिल्यानं सुटका होत नाही. एवढं सांगून पुढं चला.

चुकलेल्या मुलाला बाहेर काढू नका

जनावराचं चित्र लावणाऱ्या त्या मुलाला काढून टाका, असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं होतं. काढलं असतं तर त्याला जवळ घ्यायला दुसरे ग्रुप तयारच होते. त्याला सगळ्यांसमोर नाही, एकट्याला बाजूला घेऊन विचारलं, चित्र कुठून आलं? थोरल्या चुलतभावाकडून. म्हणजे बोलायला हवं होतं ते चुलतभावाशी. तो अजून आलेला नाही, पण हा येतो.

ज्याच्यावर बेततं त्याला विसरू नका

गेल्या हिवाळ्यात आमच्यातल्या एका दहावीतल्या मुलीनं स्पर्धेत कन्नडमधून भाषण केलं. व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. कन्नडवाल्यांनी तिच्या उच्चारांची टर उडवली, मराठीवाल्यांनी तिला गद्दार म्हटलं. दोन्हीकडून एकदम. आम्ही नियम सांगत बसलो: स्क्रीनशॉट काढ, रिपोर्ट कर, खातं प्रायव्हेट कर. ती नुसती मान हलवत होती. रडत नव्हती, पण फोन पालथा करून मांडीखाली दाबून धरला होता.

शेवटी काम केलं ते मुलींनीच. त्या संध्याकाळी अकरा जणींनी, त्यात तीन कन्नड माध्यमाच्या, तिच्या व्हिडिओखाली एकेक ओळ लिहिली. कुणालाही प्रत्युत्तर नाही, फक्त तिच्या भाषणातलं काय आवडलं ते. एकीनं लिहिलं, 'मधला तो पाण्याचा मुद्दा भारी होता.' अकरा कॉमेंट वर आल्या, शिव्या खाली गेल्या. तिनं व्हिडिओ काढला नाही.