नव्या फ्लॅटचा ताबा घेण्याआधी : आपला एजंट, आपला तपासनीस

जुने घर घेताना आपण नळ सोडून पाहतो, छतावरची ओल शोधतो, शेजाऱ्यांकडे चौकशी करतो. नव्या इमारतीतला फ्लॅट घेताना मात्र ताज्या रंगाचा वास आला की मन निर्धास्त होते आणि ताबापत्रावर सही होते. आमच्या घरी तसेच झाले. एप्रिलमध्ये किल्ली मिळाली आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बैठकीच्या सरकत्या खिडकीतून पाणी थेट फरशीवर आले. खिडकीच्या खालच्या चौकटीत पाणी बाहेर जाण्यासाठी जी बारीक छिद्रे असतात, ती सिमेंटने बुजलेली होती. एखाद्या जाणकाराच्या नजरेतून ही गोष्ट सुटली नसती, पण आम्ही जाणकाराला बोलावलेच नव्हते.

पहिला प्रश्न एजंटाचा. नव्या प्रकल्पात आपल्याला घर दाखवणारा एजंट, ज्याला हल्ली चॅनेल पार्टनर म्हणतात, तो स्वतःची दलाली बहुधा विकसकाकडून घेतो. आपल्याला काही द्यावे लागत नाही म्हणून हे सोयीचे वाटते. पण ज्याचे पैसे विकसकाकडून येतात, तो आपल्या बाजूने किंमत घासून घेईल किंवा करारातले अडचणीचे कलम दाखवून देईल, अशी अपेक्षा धरता येत नाही. त्यात त्याचा अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. व्यवहाराची रचनाच तशी आहे. म्हणून साइटवर पहिल्यांदा जाण्याआधीच आपला एजंट ठरवावा, त्याचे शुल्क आपण द्यावे, आणि या व्यवहारात तो विकसकाकडून काहीही घेणार नाही हे लेखी घ्यावे. पहिली भेट चॅनेल पार्टनरबरोबर झाली, तर त्या ग्राहकाची नोंद त्याच्या नावावर होते आणि मग आपला माणूस मध्ये आणणे अवघड जाते. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायद्यानुसार, नोंदणीकृत प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटाचीही नोंदणी बंधनकारक आहे. त्याचा आणि प्रकल्पाचा असे दोन्ही क्रमांक महारेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर स्वतः तपासावेत. करारनामा नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही, हेही बुकिंगच्या टेबलावर लक्षात असू द्यावे.

कर्ज देणारी बँक वकील आणि मूल्यांकनकार पाठवते, मग वेगळा वकील व अभियंता कशाला, असे पुष्कळजण विचारतात. बँकेचे लोक बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का एवढेच पाहतात. न्हाणीघराचा ढाळ त्यांच्या कामात येत नाही.

तपासणीसाठी स्थापत्य अभियंता निवडताना विकसकाच्या कार्यालयाने सुचवलेले नाव टाळावे, आणि ज्याला पुढे अंतर्गत सजावटीचे काम मिळण्याची आशा आहे त्यालाही हे काम देऊ नये. वेळ साधणे फार महत्त्वाचे आहे. राज्याच्या नमुना करारात शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली अधिकृत परवानगी) मिळाल्यावर, ताबा देतानाच घ्यायचा असतो. आणि भोगवटा प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांत ताबा घेणे हे कायद्याने खरेदीदाराचेही कर्तव्य आहे. त्यामुळे ताब्याची सूचना आली की त्याच दिवशी ईमेलने तपासणीची तारीख मागावी. हप्ता अडवून धरण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण उशिरावर व्याज लागते. मुदतीच्या आत तपासणी उरकून दोषांची यादी हातात ठेवणे अधिक उपयोगाचे आहे.

प्रत्यक्ष तपासणीला निदान अर्धा दिवस द्यावा आणि आपण स्वतः हजर राहावे. अभियंता ओळंबा व गुण्या लावून भिंती पाहील, फरशीवर लाकडी काठीने ठोकत जाईल. जिथे आवाज पोकळ येतो तिथे खाली सिमेंट नीट भरलेले नाही, आणि जड कपाट ठेवल्यावर ती फरशी तडकण्याची शक्यता असते. सर्वांत जास्त वेळ न्हाणीघराला द्यावा. बादलीभर पाणी ओतले की ते जाळीकडे धावले पाहिजे; बेसिनखालच्या कोपऱ्यात थबकले, तर ढाळ चुकला आहे. त्यानंतर जाळी बुजवून, दाराशी बांध घालून २४ तास पाणी साठवावे आणि दुसऱ्या दिवशी खालच्या फ्लॅटचे छत पाहावे. विकसकाचे लोक या चाचणीला कुरकुरतात, तरी आग्रह सोडू नये. राहायला गेल्यावर याच दुरुस्तीसाठी सगळी फरशी उखडावी लागते. तुळई आणि वीटकाम यांच्या जोडावर असलेली बारीक आडवी भेग बहुधा गिलाव्याची असते, पण खांबात किंवा तुळईत भेग दिसली तर अभियंत्याचे मत लेखीच घ्यावे. प्रत्येक सॉकेटचे अर्थिंग पाहावे आणि विजेच्या पेटीतल्या आरसीसीबीचे (वीज गळू लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) चाचणी बटण दाबावे; पुरवठा लगेच तुटला पाहिजे.

चटई क्षेत्र मोजताना आतल्या भिंतींची जाडी धरावी, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळावी. नमुना करारात फरकाची मर्यादा ३ टक्के आहे, आणि क्षेत्र कमी भरल्यास जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत करण्याची तरतूद आहे. आपल्या करारातले कलम तेवढे पडताळून पाहावे.

दोषांची यादी खोलीवार, छायाचित्रांसह ईमेलने पाठवावी आणि दुरुस्तीची तारीख लेखी मागावी. दुरुस्ती झाल्यावर त्याच अभियंत्याला पुन्हा बोलवावे, कारण पोकळ फरशीच्या सांध्यात पांढरे सिमेंट भरून काम झाल्याचे दाखवले जाते. ताबापत्रात ‘सर्व कामाबाबत पूर्ण समाधानी’ असे छापील वाक्य असते. काही कामे बाकी असतील, तर ते खोडून शिल्लक कामे हाताने लिहावीत आणि मगच सही करावी.

ताब्यानंतर ५ वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा सेवांचा दोष कळवला, तर विकसकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, असे रेरा कायद्याचे कलम १४ सांगते. कळवण्याची तारीख सिद्ध करता आली पाहिजे, म्हणून फोनवर न बोलता पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. पहिला पावसाळा संपत आला की पश्चिमेच्या भिंती, खिडक्यांचे कोपरे आणि वरच्या मजल्यावर असाल तर छत पुन्हा एकदा बारकाईने पाहावे, आणि ओलीची छायाचित्रे त्या पत्राला जोडावीत.