लग्न नाही, मग पार्टनरला पेन्शन कशी? आत्ताच भरून ठेवायचे फॉर्म

आधी कडू गोष्ट बोलून घेऊ. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाचा कायदा करणं हे संसदेचं काम, आमचं नाही असं सांगितलं, जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या, त्यामुळे दोघं किंवा दोघी वीस वर्षं एका घरात राहिलात तरी पेन्शनच्या कागदावर तुम्ही एकमेकांचे कोणीच लागत नाही. नवरा-बायकोला जे न मागता मिळतं त्यातलं आपल्याला काहीही न मागता मिळणार नाही, आणि जे मिळू शकतं तेही हयातीत सही करून ठेवलं असेल तरच. म्हणून ही यादी, जमेल त्या क्रमाने करा पण पुढे ढकलू नका.

सगळ्यात आधी हे बघा की तुमची पेन्शन नक्की कुठली. सरकारी नोकरीतली जुनी पेन्शन असेल तर स्पष्टच सांगतो, फॅमिली पेन्शनचा, म्हणजे पेन्शनधारक गेल्यावर कुटुंबाला मिळणाऱ्या पेन्शनचा, नाद सोडा. राज्य सरकारच्या १९८२ च्या पेन्शन नियमांतला ११६ वा नियम काय किंवा केंद्राच्या २०२१ च्या नियमांतला ५० वा काय, कुटुंब कोण हे नियमच ठरवतो, तुम्हाला तिथे नाव सुचवायची सोयच नाही. मृत्युपत्रात लिहून ठेवलं तर? तेही चालत नाही, कारण फॅमिली पेन्शन ही मयताची मालमत्ताच नाही, ती मृत्युपत्राने देता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्येच रेल्वेच्या एका प्रकरणात सांगून ठेवलंय. वकिलाने मृत्युपत्रात फॅमिली पेन्शनची ओळ घालून फी वाढवली तर त्याला या निकालाबद्दल विचारा. तुमची ताकद पुढे दिलेल्या बाकीच्या गोष्टींवर लावा.

खासगी नोकरी आणि पीएफ कापला जातो, तर मात्र नीट वाचा, कारण खरी फट इथे आहे आणि ती फार कमी लोकांना माहितीये. पीएफ आणि त्यासोबतची पेन्शन, म्हणजे ईपीएस १९९५, या दोन वेगळ्या योजना आहेत आणि दोघांची 'कुटुंबा'ची व्याख्या वेगळी आहे. पीएफच्या व्याख्येत नवरा किंवा बायको, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील येतात. ईपीएसच्या व्याख्येत फक्त नवरा किंवा बायको आणि मुलं, आई-वडील नाहीतच. म्हणजे तुम्ही कागदोपत्री अविवाहित असाल, मुलं नसतील, तर ईपीएसच्या हिशोबाने तुम्हाला कुटुंबच नाही, आणि अशा सदस्याला कुठल्याही एका व्यक्तीचं नाव देता येतं जिला विधवा पेन्शनइतकी रक्कम दरमहा मिळते. फॉर्म २ चा भाग ब काढून बघा, खाली 'मला कुटुंब नाही' अशा अर्थाचा मजकूर आणि एका नॉमिनीसाठी रकाना आहे, तोच आपला. कोणी नाव दिलंच नाही तर पेन्शन आधी अवलंबून असलेल्या वडिलांकडे आणि त्यांच्यानंतर आईकडे जाते, पार्टनर चित्रातच नाही.

दोन अटी लक्षात ठेवा. एक, ही सोय नोकरीत असताना तुमचा मृत्यू झाला, किंवा पेन्शनला पात्र होऊन नोकरी सोडलीत आणि पेन्शन सुरू व्हायच्या आत गेलात, यासाठी आहे, कारण फॉर्म त्याच दोन कलमांचा हवाला देतो. पेन्शन एकदा सुरू झाली की पुढचा ५० टक्क्यांचा हिस्सा विधवा किंवा विधुरालाच. दोन, घरच्यांच्या आग्रहाने उद्या कुणाशी लग्न केलंत तर हे नॉमिनेशन त्याच दिवशी बाद, पीएफचंही बाद. (लग्न करून घे, कोणाला कळतंय, असं सांगणारे मामा-काका हे सांगत नाहीत.) आणि रकमेची फार स्वप्नं नकोत, पगाराची मर्यादा १५,००० धरलेली असते आणि किमान पेन्शन १,००० रुपये आहे. पण दरमहा येणारं काहीतरी, आयुष्यभर, आणि तेही कायद्याने, असं आपल्यासाठी दुसरं सध्या नाही.

आता पीएफची मोठी रक्कम, त्याला जोडलेला ७ लाखांपर्यंतचा विमा, ग्रॅच्युइटी आणि एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना). या सगळ्यांत एकच अडचण, अवलंबून असलेले आई-वडील असतील तर नॉमिनेशन कुटुंबातच करावं लागतं, बाहेरच्याचं नाव टाकलं तर ते बाद ठरतं. वडिलांना स्वतःची पेन्शन आहे, आई त्यांच्यावर अवलंबून आहे, तुमच्यावर नाही, असं असेल तर 'कुटुंब नाही' लिहायला आधार आहे. पण आई खरंच तुमच्या पगारावर जगत असेल तर खोटं लिहू नका, दावा नेमका तिथेच लटकतो आणि कोर्टात पार्टनर आणि आई समोरासमोर उभे राहतात. मग सरळ वाटणी करा, पीएफ आईला, ईपीएस पार्टनरला, दोन्ही खरं आणि दोन्ही कायद्यात बसणारं.

पीएफ आणि ईपीएसचं नॉमिनेशन युएएन (पीएफ सदस्याचा कायमचा नंबर) पोर्टलवर ई-नॉमिनेशनमध्ये करता येतं, नॉमिनीचं आधार, फोटो, बँक खातं हाताशी ठेवा, शेवटी आधारच्या ओटीपीने ई-साइन केल्याशिवाय ते पूर्ण होत नाही, बरेच जण सेव्ह करून सोडून देतात. पोर्टल अडलं तर कागदी फॉर्म २ एचआरकडून द्या आणि पोच घ्या. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न मला नेहमी येतो. मित्र, मैत्रीण लिहा, चालतं, ऑफिसात सगळ्यांसमोर स्वतःची ओळख उघड करायची अट कुठल्याच फॉर्मवर नाही.

पेन्शनची उरलेली तूट स्वतःच भरायची. पीपीएफ आणि म्युच्युअल फंडात कोणालाही नॉमिनी करता येतं. जॉइंट खातं आणि पार्टनरचं नॉमिनेशन यावर बंदी नाही हे अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये लेखी सांगितलंय, ब्रँचमधला माणूस कुरकुरला तर ते पत्रक फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. अॅन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे भरून विमा कंपनीकडून पेन्शन, घेताना दोघांच्या नावाची योजना बहुतेक नवरा-बायको नाहीतर रक्ताच्या नात्यालाच देतात, म्हणून मूळ रक्कम नॉमिनीला परत मिळणारा पर्याय निवडा.

आणि नॉमिनी पार्टनर म्हणजे मालक नव्हे, बँकेतल्या पैशाचं, विम्याचं, शेअर्सचं सगळ्यांचं तेच, तो फक्त ताब्यात घेतो आणि वारस दावा करू शकतात. अविवाहित हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर पहिला हक्क आईचा. त्यामुळे मृत्युपत्र हवंच, दोन साक्षीदार, पार्टनर त्यात नको, नोंदणी सक्तीची नाही पण करून घ्या. शिवाय हयातीत पार्टनरला वर्षात ५०,००० च्या वर भेट दिली तर त्याला इन्कम टॅक्स लागतो, मृत्युपत्राने मिळालेल्यावर लागत नाही. पॉवर ऑफ अॅटर्नी मृत्यूबरोबर संपते, तिच्यावर विसंबू नका.

शेवटी फाइल. एकत्र राहण्याचा पुरावा लागला तर भाडेकरार, जॉइंट पासबुक, आणि शक्य असेल तर एकच रेशन कार्ड, केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळवलंय की अशा पार्टनरला एकाच घरातलं धरावं. याच फाइलमध्ये युएएन, नॉमिनेशनची प्रिंट, नॉमिनीचा कॅन्सल चेक, जन्मतारखेचा पुरावा. दाव्याला पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०डी, विम्यासाठी ५आयएफ लागतो, आणि तिन्हीला मृत्यूचा दाखला, तोही घरचे देतीलच असं नाही, म्हणून नोंदणी कुठल्या महापालिकेच्या वॉर्डात होईल ते आधीच बघून ठेवा आणि मूळ प्रती जास्तीच्या काढा. फाइलचा एक सेट पार्टनरकडे आणि दुसरा अशा माणसाकडे ज्याचा फोन घरचे उचलतात.