वॉटरकलरमध्ये झाड आणि ऊन कसं पकडायचं

झाड काढायचं म्हटलं की बहुतेक जण बारीक ब्रश घेऊन थेट पानांनाच भिडतात, टिपके टिपके करत बसतात आणि झाड काही उभं राहत नाही. आधी ऊन कुठून येतंय ते बघा. डोळे बारीक केले की पानं विरघळतात आणि उरतात तीन टोन, उजेडाचा, मधला, सावलीचा, तेवढेच पेन्सिलने पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत काढून घ्या.

वेळ सकाळची नाहीतर चारनंतरची. भर दुपारी सावली बुंध्याशी गोळा होते आणि झाड सपाट दिसतं. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणून सावल्या सुरुवातीलाच मार्क करा आणि नंतर ऊन फिरलं तरी चित्रातली सावली हलवू नका, हे कडक पाळा.

आता हिरवा. ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच्या तसा लावू नका प्लीज! पानाच्या वरच्या बाजूला आभाळ दिसत असतं म्हणून ती निळसर वाटते, पण तेच पान उन्हाच्या विरुद्ध बघितलं की उजेड त्याच्यातून आरपार येतो आणि ते पोपटी पेटतं, तिथे लेमन यलोमध्ये सॅप ग्रीन अगदी किंचित. सावलीसाठी त्याच हिरव्यात अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). आणि चैत्रात पिंपळाला तांबूस पालवी फुटते तेव्हा हिरवा जरा बाजूलाच ठेवा.

शिकायला वडासारखं झाड नाही. वाई-सुरूर रस्त्यावरचे जुने वड बघा, एकच फांदी आभाळासमोर काळपट दिसते आणि पुढे गडद पानांसमोर गेली की उजळ होते, म्हणजे फांदीचा स्वतःचा असा एक रंग नसतोच, मागे काय आहे त्यावर सगळं ठरतं. पारंब्यांचंही तेच. बुंधा वर पानांच्या सावलीत गडद आणि खाली मातीवरून उसळलेल्या उजेडाने थोडा तांबूस, हा फरक दाखवलात तर खोडाला गोलाई येते. पानांमधून दिसणारं आभाळ मात्र मोकळ्या आभाळापेक्षा एक शेड गडद ठेवा, नाहीतर झाडावर पांढरे ठिगळ लावल्यासारखं दिसतं.

माझा सगळ्यात लाडका भाग कवडसे. पानांच्या फटी वाकड्यातिकड्या असल्या तरी जमिनीवर कवडसे गोलसर पडतात कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते, खंडग्रास ग्रहणात ते चक्क चंद्रकोरीसारखे होतात. चित्रात जमीन आडवी आहे म्हणून ते चपटे काढायचे, लांबचे जास्त चपटे. आधी मातीचा फिका उबदार वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, द्या, पूर्ण वाळू द्या, मग जांभळट सावली एका दमात ओढा आणि कवडशांच्या जागा कोऱ्या सोडत जा. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावतात तो रबरासारखा द्रव) इथे नको, कडा फार टोकदार येतात. आणि सावली ओली असताना परत ब्रश फिरवू नका, खालचा वॉश उठतो आणि सगळं गढूळ होतं.