शेठ, एक सातबारा बघाल का?

माझं तळेगावला इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक बिल्डर आणि कंत्राटदार. त्यांच्यातल्याच एका शेठकडून मी जमिनीचे व्यवहार शिकलो, पण "मला शिकवा" असं कधी म्हटलं नाही. एवढी मोठी मागणी केली की माणूस "बघू की" म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो.

तुम्हालाही अशा एखाद्या शेठकडून शिकायचं असेल तर विचारण्याआधी उधारी मिटवा. येणं त्यांच्याकडे असेल तर त्यांना वाटतं, गडी सल्ल्याच्या आडून वसुलीला आलाय. देणं तुमचं असेल तर वाटतं, आता मुदत मागणार. आणि साइटवर स्लॅब असेल त्या दिवशी फोनसुद्धा नको.

जाताना एकच जमीन घेऊन जा. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा), फेरफार (हक्क बदलल्याची नोंद), झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी ठेवलीय ते सांगणारा), सगळं काढून आणि वाचून. (तुम्ही शेतकरी खातेदार नसाल तर शेतजमिनीचा विषयच काढू नका, आपल्याकडे ती सहजी घेता येत नाही. फ्लॅट न्या, सोबत महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, नोंदणीचं पान छापून.) मी विचारलं ते असं:

"शेठ, ही जमीन बघतोय. भोगवटादार वर्ग १ आहे, म्हणजे विकायला सरकारी परवानगीची अट नाही, एवढं कळलं. इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसतोय. मालक म्हणतो कर्ज फिटलंय, दाखलाही दाखवतो. तुम्ही अजून काय मागाल?"

शेठनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला. "दाखला राहू दे. बोजा कमी झाल्याचा फेरफार आण म्हणावं. तोवर इसारही देऊ नकोस." शिकवणी सुरू झाली ती अशी. पुढे काय झालं ते मात्र त्यांना जाऊन सांगा. व्यवहार फिसकटला तरी सांगा. सल्ला घेऊन गायब होणाऱ्याला दुसऱ्यांदा कोणी कागद उलगडून दाखवत नाही.

पैशाचं आधीच बोला. "व्यवहार झाला तर तुमचं काय?" हे विचारायला लाजू नका. काही जण दलाली घेतात, काही जण नुसता चहा घेतात.

शेठ स्वतःचीच जमीन दाखवायला लागले तर आदर तसाच ठेवा, पण वकील तुमचा, मागच्या तीस वर्षांच्या दस्तांचा सर्च तुमच्या खर्चाने आणि पेपरात जाहीर नोटीसही तुमच्याच वकिलाची.