म्युरिट्झच्या काठाने कॅम्पर: आठ दिवस, तीन मुक्काम

बर्लिनहून ए२४ आणि पुढे ए१९ हायवे धरला की दोनेक तासांत मेक्लेनबुर्गच्या तळ्यांचा मुलूख लागतो. त्यातलं म्युरिट्झ सुमारे ११७ चौरस किलोमीटरचं. पूर्णपणे जर्मनीच्या हद्दीत असलेलं याहून मोठं तळं नाही; बोडनसे (लेक कॉन्स्टन्स) मोठं खरं, पण त्यात स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाचाही वाटा आहे.

सात रात्रींसाठी मालखोला दोन, वारेनला तीन आणि फेल्डबेर्गला दोन असे मुक्काम धरा. (नकाशात ‘Malchow’ दिसेल, शेवटचा डब्ल्यू उच्चारायचा नाही.) या तीन गावांमधलं अंतर मीरो गावावरून वळसा घेऊनही दीडशे किलोमीटरच्या आत बसतं. रोज गाव बदलण्याचा मोह होतो, पण कॅम्परमध्ये मुक्काम किती दिवसांनी हलवायचा हे टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, ठरवते. ती १७ ते २० लिटरची असते आणि दोघांना जेमतेम तीन दिवस पुरते. चौघं असाल तर कॅम्पिंगवरचं शौचालय वापरा आणि कॅसेट रात्रीपुरती ठेवा.

गाडी ताब्यात घेताना आधी कागदावरचं वजन बघा. साधं जर्मन बी लायसन्स ३५०० किलोपर्यंतच चालतं. भारतीय लायसन्सवर जर्मनीत राहायला आल्यापासून फक्त सहा महिने गाडी चालवता येते. समजा ड्रायव्हर धरून गाडीचं वजन ३०५० किलो आहे, तर हातात राहिले ४५०. आणखी तीन मोठी माणसं म्हणजे सव्वादोनशे, दोन ई-बाइक पन्नास. उरलेल्या पावणेदोनशेत मांडव (गाडीच्या बाजूला उघडायचं कापडी छत), खुर्च्या, कपडे, तांदूळ-डाळ सगळं आलं. पाण्याची शंभर लिटरची टाकी काठोकाठ भरली तर शंभर किलो त्यातच जातात. म्हणून निघताना टाकीत वीस लिटर ठेवा आणि मुक्कामावर पोचून भरा.

फ्रिज बहुतेक गाड्यांत तीन तऱ्हांनी चालतो: गाडी धावताना १२ व्होल्ट, कॅम्पिंगवरच्या खांबाची वीज मिळाली की २३० व्होल्ट, नाहीतर गॅस. हा फ्रिज गार व्हायला फार वेळ घेतो, तेव्हा आदल्या रात्रीच सुरू करा. गाडी तिरकी उभी असेल तर तो नीट चालतच नाही, म्हणून चाकाखाली पाचर घालून गाडी समतल करायची. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे इंजिन बंद केल्यावर तो १२ व्होल्टवरच राहतो. मग बॅटरीही जाते आणि सकाळपर्यंत दहीही.

विजेच्या निळ्या सॉकेटवर १६ अँपिअर लिहिलेलं असलं तरी मागे फ्यूज बऱ्याचदा सहाचा असतो. सहा अँपिअर म्हणजे १३८० वॉट. घरून आणलेली दोन हजार वॉटची इंडक्शन लावलीत की वीज गेली, आणि फ्यूजची पेटी कुलूपबंद. स्वयंपाक गॅसवरच करा. पावसाळी संध्याकाळी छपराची खिडकी बंद ठेवून कुकर लावला तर वाफ गाद्यांत मुरते. फोडणीचा वास तर गाडी परत करेपर्यंत जात नाही आणि साफसफाईचे पैसे कापले जातात. दाराबाहेर एका बर्नरची शेगडी मांडून फोडणी तिथेच द्यावी. आठ दिवसांना गॅसची ११ किलोची एक टाकी पुरते. खांबापासून वीज आणायच्या वायरचं रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापून वितळते.

या भागात गाडी चालवताना नजर वर ठेवावी लागते. दुतर्फा जुनी झाडं असलेले रस्ते दिसायला देखणे, पण तीन मीटर उंच गाडीचा कोपरा फांद्यांना लागतो. समोरून कोणी नसेल तर मध्याकडे सरका. गावांत दगडी फरसबंदी असते. तिथे ताशी वीस-तीसच्या वर गेलात तर कप्पे उघडून भांडी खाली येतात. माती रेताड आहे. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या गवतात किंवा रेतीत उलटी घाला, म्हणजे ओढणारी चाकं कडक जागेवर राहतील. रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नका, पायपुसणी चाकाखाली सारा.

कॅम्पिंगवर दुपारी एक ते तीन शांतता पाळतात आणि पुष्कळ ठिकाणी फाटकही बंद असतं. तेव्हा बाराच्या आत पोचा, नाहीतर तीननंतर. जुलै-ऑगस्टमध्ये बुकिंगशिवाय तळ्याकाठची जागा मिळत नाही. जमलं तर जून निवडा, साडेनऊपर्यंत उजेड असतो. वाटेत पार्किंगमध्ये एक रात्र झोपून थकवा घालवणं चालतं, पण खुर्च्या काढल्या, मांडव उघडला की ते कॅम्पिंग ठरतं. मांडवाचा एक पाय कायम खाली ठेवा, नाहीतर पावसाचं पाणी मधोमध साचून कापड फाटतं. रात्री तो मिटायचाच, उन्हाळ्यातली वादळं न सांगता येतात.

वारेनहून राष्ट्रीय उद्यानात सायकलने जा; आतले बरेच रस्ते खासगी गाड्यांना बंद आहेत. १९९० साली झालेल्या या उद्यानात मासे टिपणारा ऑस्प्रे गरुड दिसतो. परतल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड शोधा. तळ्याचा पूर्व काठ फार उथळ, लहान मुलांना बरा. पण पश्चिमेचा वारा सुटला की म्युरिट्झवर आखूड, खड्या लाटा उठतात, तेव्हा पॅडलबोर्ड घेऊन आत जाऊ नये. ऑगस्टमध्ये पाण्यावर हिरवट साय दिसली तर ते निळं-हिरवं शेवाळ, पोहायचं नाही. गळ टाकायचा असेल तर पर्यटकांसाठी २८ दिवसांचा परवाना मिळतो, वर त्या तळ्याचं वेगळं तिकीट. एवढी खटपट नको असेल तर धुरावलेला मारेन मासा विकत घ्यावा. काटे मऊ असतात, आणि भाताबरोबर तो चांगलाच लागतो.

परत करायच्या आदल्या संध्याकाळीच कॅसेट रिकामी करा. ओतताना हवेचं बटण दाबून धरा, नाहीतर ते गचके देत बाहेर येतं आणि बुटांवर उडतं. सकाळी नऊला कॅसेट ओतायच्या खड्ड्यापाशी रांग लागलेली असते.